ब्रेस्ट पंप कुठला घ्यावा? (नोकरीवर परतणाऱ्या आईसाठी)

पाऊलवाट
वहिनीची रजा महिनाभरात संपतेय. बाळ पाच महिन्यांचं आहे, पूर्णपणे अंगावर पितं. डोंबिवली ते करी रोड लोकलचा प्रवास, म्हणजे सकाळी आठ ते संध्याकाळी सात घराबाहेर. घरी आई आणि आजी आहेत. बाटली लावायची नाही असं ठरलंय, वाटी-चमच्यानं नाहीतर बोंडल्यानं पाजणार. मेडिकलमध्ये विचारलं तर त्यांनी रबरी फुग्याचा भोंगा दाखवला. ऑनलाइन बघायला गेलं तर इतके प्रकार की काही कळेना. हातानं दाबायचा घ्यावा की विजेवरचा? एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा? मावसबहिणीचा वापरलेला पंप पडून आहे, तो चालेल का? घरी एकदारी फ्रिज आहे.

सांजवात
तो भोंगा अजिबात घेऊ नका. फुगा सोडला की ओढ एकदम बसते, ती कमीजास्त करता येत नाही आणि त्यामुळे बोंडाला चिरा पडतात. दुसरं म्हणजे दूध सरळ त्या रबरी फुग्यात शिरतं. आतून तो घासता येत नाही, वाळवताही येत नाही. बाळाच्या पोटात जाणाऱ्या दुधाला असल्या फुग्याचा संपर्क नकोच.

बाकी निवड एकाच प्रश्नावर ठरवा: दिवसातून किती वेळा काढायचंय?

कधीतरी लग्नाला, बँकेत जायचं म्हणून आठवड्यातून एकदोनदा काढायचं असेल तर हातानं दाबायचा दांडीवाला पंप पुरतो. सुटे भाग कमी, आवाज नाही, चार्जिंगची कटकट नाही. दाबण्याचा वेग आपल्या हातात असल्यानं काहींना त्यावर विजेच्या पंपापेक्षा लवकर पान्हा फुटतो. रोज एकदा काढायचं असेल तर एका बाजूचा विजेवरचा चालेल.

तुमच्या वहिनीला ऑफिसात रोज किमान दोनदा काढावं लागेल. तिथे दोन्ही बाजूंचा विजेवरचाच घ्या. दोन्हीकडे एकदम लावला तर १५ ते २० मिनिटांत काम होतं. एकेक बाजू करत बसलं तर अर्धा तास ते ४० मिनिटं जातात, आणि जेवणाच्या सुट्टीत तेवढा वेळ मिळत नाही. मग एक वेळ चुकते, छाती तटते आणि दोनतीन आठवड्यांत दूध कमी व्हायला लागतं. पैसे घालायचे तर इथे घाला. बाकी सजावटीच्या गोष्टी, स्टरिलायझर, बाटली गरम करायचं यंत्र, हे नसलं तरी काही अडत नाही.

खोक्यावर ओढीचा जोर मिलिमीटर पाऱ्यात (mmHg) लिहिलेला असतो. २५० च्या आसपास असेल तर भरपूर झालं. ३०० किंवा ३५० वाचून भुलू नका. दूध जोरानं ओढून निघत नाही, पान्हा फुटला की निघतं. आणि दुखलं की पान्हा आटतो. ओढ एकेक पायरी वाढवत न्यायची, जिथे खुपायला लागेल तिथून एक पायरी खाली यायचं. तिची पातळी तीच.

निळीशाई
सांजवात यांच्या सगळ्याला +१. फक्त कंपनी ठरवण्याआधी फनेलचं, म्हणजे छातीवर लावायच्या नरसाळ्याचं, माप ठरवा. निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

बहुतेक पंपांबरोबर २४ मिमीचं फनेल येतं, काहींबरोबर २८ चंही. कित्येकींना प्रत्यक्षात १७, १९ किंवा २१ लागतं. मोजायचं असं: दूध काढण्याआधी किंवा पाजण्याआधी, कंपासपेटीतल्या पट्टीनं, बोंडाच्या बुडाशी असलेली रुंदी मिलिमीटरमध्ये. फक्त बोंड मोजायचं, भोवतालचा काळसर भाग नाही. आलेल्या आकड्यात ० ते ३ मिमी मिळवा. १७ आलं तर १७ ते २० मधलं फनेल. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा, मापं वेगळी येऊ शकतात. नाणं लावून अंदाज घेऊ नका. एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या वर्षांत वेगळ्या आकाराची निघाली आहेत.

लावल्यावर डोळ्यांनी तपासा. बोंड नळीत मधोमध मोकळं पुढेमागे हललं पाहिजे. कडांना घासत असेल, नंतर पांढरं पडत असेल तर फनेल लहान आहे. काळसर भागही भसाभस आत ओढला जात असेल आणि सुजून बाहेर येत असेल तर मोठं आहे. मोठ्या फनेलचा त्रास लवकर लक्षात येत नाही, कारण दुखतं कमी. पण दूध नीट निघत नाही, आणि बायकांना वाटतं आपलंच दूध कमी आहे.

म्हणून घेताना बघा की त्या कंपनीची वेगळ्या मापाची फनेलं सुटी मिळतात का. मेडेलाची २१, २४, २७, ३०, ३६ अशी येतात. लहान माप लागत असेल तर २४ च्या फनेलमध्ये बसवायचे सिलिकॉनचे इन्सर्ट १३ ते २१ पर्यंत मिळतात. घासल्यासारखं होत असेल तर कडक प्लॅस्टिकच्या फनेलला आतून खोबरेल तेलाचा एक थेंब पुसा. सिलिकॉनला तेल लावू नका, त्याची मऊसर पकड जाते.

पाऊलवाट
खूप आभार. माप घ्यायला सांगते. मावसबहिणीच्या पंपाचं काय? नवीन फनेल आणि बाटल्या घेतल्या तर?

चाफेकळी
पंप ओपन आहे की क्लोज्ड त्यावर अवलंबून आहे. क्लोज्ड प्रकारात दुधाचा मार्ग आणि मोटरची हवा यांच्यामध्ये सिलिकॉनचा पडदा असतो. दूध उलटं चढलं तरी नळीत जात नाही. ओपन प्रकारात असा पडदा नसतो. दुधाचे थेंब, वाफ नळीतून मोटरपर्यंत पोचतात आणि तिथे बुरशी धरते. मोटर उघडून धुता येत नाही. म्हणून ओपन पंपाला फनेल, बाटल्या, नळ्या सगळं नवीन घेतलं तरी उपयोग नाही, आतली हवा तीच. तो मावसबहिणीलाच परत द्या.

क्लोज्ड असला तरी घरगुती पंप एकाच बाईसाठी बनवलेला असतो आणि अमेरिकेचं औषध प्रशासनही तो दुसरीला देऊ नका असंच सांगतं. शिवाय मोटर झिजते. आधीच्या बाईनं रोज चारपाच वेळा वर्षभर वापरला असेल तर आवाज तोच येईल, पण ओढ राहिलेली नसेल.

एकाहून जास्त जणींनी वापरायचे पंप वेगळे, ते हॉस्पिटल ग्रेडचे. मेडेला सिम्फनी त्यातला. मोठ्या शहरांत असे पंप भाड्यानं मिळतात, फक्त फनेल-नळी-बाटलीचा संच आपला नवा घ्यायचा. पाच महिन्यांच्या, नीट पिणाऱ्या बाळाच्या आईला त्याची गरज नाही.

परदेशातून कोणी आणणार असेल तर अ‍ॅडाप्टरवर बारीक अक्षरात इनपुट वाचा. १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर इथे नुसती पिन बदलून चालतो. फक्त ११०–१२० असेल तर इथल्या २३० व्होल्टवर जळेल.

तळ्यातमळ्यात
ब्लाउजच्या आत बसवायचे बिनवायरीचे पंप कसे? लोकलमध्ये बसून काढता येईल म्हणतात.

निळीशाई
दुसरा पंप म्हणून ठीक, पहिला म्हणून नको. फनेल ब्राच्या आत गेल्यावर बोंड मध्यावर आहे की नाही ते दिसत नाही. जरा सरकलं तरी ओढ सुटते. पेला साधारण १५० ते २४० मिलीचा असतो, वाकलं की सांडतं. शिवाय धुवायचे भाग जास्त आणि सगळे बारीक. गर्दीच्या लोकलमध्ये हात धुवायची सोय नाही, काढलेलं ओतून ठेवायला जागा नाही. तिथे नकोच. ऑफिसात टेबलावर बसून काम करत काढणं शक्य असेल तर त्याचा खरा उपयोग.

हात मोकळे हवे असतील तर स्वस्तातला उपाय म्हणजे जुनी घट्ट ब्रा घेऊन बोंडांच्या जागी दोन लहान चिरा द्यायच्या आणि फनेल त्यातून अडकवायचं. हात मोकळे झाले की काढता काढता छाती हलकेच दाबत राहता येतं, त्यानं दूध जास्त निघतं.

अंगावर पाजताना दुसऱ्या बाजूला लावून ठेवायचा नुसता सिलिकॉनचा कप मिळतो. त्याला पंप समजू नका. पाजताना दुसरीकडून जे आपोआप गळतं ते वाया न जाता जमा होतं, एवढंच.

केशर_बदाम
धाग्याच्या विषयाला जोडून विचारते. बाळ अपुऱ्या दिवसांचं आहे, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे, ओढायची ताकद नाही. आईला काल रात्री बाळंतपण झालंय. तिथेही हेच लागू का?

सांजवात
नाही, तिथे सगळं वेगळं आणि घाईचं. पंप विकत आणायची वाट बघू नका, आत्ता हातानं काढायला सुरुवात करा. पहिल्या दोनतीन दिवसांचा चीक घट्ट असतो आणि थेंबाथेंबानं येतो. पंपात तो भांड्यालाच चिकटून राहतो. अंगठा आणि तर्जनी बोंडाच्या बुडापासून अंदाजे अडीच-तीन सेंटिमीटर मागे ठेवा. आधी बोटं सरळ मागे छातीच्या पिंजऱ्याकडे दाबा, मग एकमेकांकडे दाबा, सोडा. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत, बोंड पिळायचं नाही. थेंब थांबले की बोटं फिरवून दुसरीकडून. उकळलेल्या छोट्या वाटीत किंवा सिरिंजमध्ये धरा. एका वेळी दोनपाच मिली निघालं तरी ते पुष्कळ आहे, नर्सना सांगून तेच बाळाला द्या.

२४ तासांत ८ ते १० वेळा काढायचं, त्यात रात्री निदान एकदा. दूध उतरायला लागलं की हॉस्पिटल ग्रेडचा दोन्ही बाजूंचा पंप. बऱ्याच एनआयसीयूत तो असतो, विचारा. बाळ स्वतः ओढत नसताना दूध टिकवायचं काम पंपावर येतं, तिथे हलका किंवा ब्लाउजमधला पंप पुरा पडत नाही. जवळ मिल्क बँक असेल तर आईचं येईपर्यंत दात्या मातांचं पाश्चराइज केलेलं दूध मिळू शकतं. मुंबईत सायन हॉस्पिटलची मिल्क बँक १९८९ पासून चालू आहे, आशियातली पहिली.

केशर_बदाम
लगेच कळवते. मनापासून आभार, ताई.

पाऊलवाट
आता साठवणीचं सांगा. किती ठेवून जावं लागेल? आजी म्हणतात फ्रिजमधलं दूध बाळाला बाधेल.

दुर्वा_अंगण
हिशोब सोपा आहे. एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला सरासरी ७५० मिलीच्या आसपास पितं, आणि तेवढंच पीत राहतं, वजनाबरोबर ते फारसं वाढत नाही. आई बाहेर असेल त्या प्रत्येक तासाला ३० ते ४० मिली धरा. ११ तासांचे ३३० ते ४४०. निघताना आणि आल्या आल्या अंगावर पाजलं तर कमीही पुरेल. ६० मिलीची एकेक पिशवी करा, दोन पिशव्या ३० च्या. एकदम १२० वितळवलं आणि बाळानं अर्धं टाकलं तर दोन तासांनंतर ते फेकावं लागतं.

साठा करायला रजा संपायच्या दोन आठवडे आधी लागा, त्याहून आधी नको. पहाटेचं पाजून झाल्यावर तासाभरानं एकदा पंप करा. ३० ते ६० मिली निघेल. पाजल्यावर एवढंच निघतं, घाबरू नका. बाळ जितकं ओढून घेतं तितकं पंपाला येत नाही, तेव्हा पंपातल्या आकड्यावरून दूध कमी म्हणून वरचं सुरू करायचं कारण नाही. दोन आठवड्यांत पहिल्या दिवसापुरतं आणि थोडं वर जमतं. त्यानंतर गोठवायचीही गरज नाही: सोमवारी ऑफिसात काढलेलं मंगळवारी प्यायला, शुक्रवारचं सोमवारी.

खालच्या कप्प्यात मागच्या बाजूला ४ दिवस. दारात कधीच नाही, दार उघडलं की तिथलं तापमान चढतं. एकदारी फ्रिजच्या आतल्या बर्फाच्या कप्प्यात दोनच आठवडे धरा. स्वतंत्र दाराच्या फ्रीझरला सहा महिने. पिशवी पाऊणच भरा, गोठल्यावर फुगते. तारीख आणि मिली आधी लिहा, भरल्यावर ओल्या पिशवीवर पेन चालत नाही.

तळ्यातमळ्यात
बाहेर सहा ते आठ तास चालतं असं ऐकलंय की.

दुर्वा_अंगण
तापमान बघा. २५ अंशांपर्यंत ४ तास हे सुरक्षित. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलमध्ये घरात ३५ च्या वर असतं, तिथे तासांचा हिशोब करत बसू नका. काढलं की फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात.

लोडशेडिंगचं विचारणारच कोणीतरी, म्हणून सांगते. वीज गेली की फ्रिज उघडू नका. गोठवलेल्या पिशवीत बर्फाचे खडे शिल्लक असतील तर ती परत गोठवता येते. पूर्ण पाणी झालं असेल तर खालच्या कप्प्यात ठेवून २४ तासांत संपवा, पुन्हा गोठवू नका.

आजींना सांगा, थंड पाजायचं नाहीये. वाटीभर कोमट पाण्यात पिशवी किंवा डबी धरायची, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून अंगाइतकं कोमट लागलं की पाजायचं. गॅसवर उकळायचं नाही, मायक्रोवेव्ह नाही, त्यानं मध्येच कढत राहतं आणि तोंड भाजतं. फ्रिजमध्ये वर साय आणि खाली पातळ निळसर पाणी दिसेल, ते नासलेलं नसतं. गोल फिरवलं की एक होतं.

वितळवल्यावर साबणासारखा वास आला तर तेही खराब नसतं. दुधातलं लायपेज हे पाचक द्रव्य चरबी फोडतं, त्याचा तो वास. बहुतेक बाळं पितात. न प्यायल्यास पुढच्या वेळी काढल्याबरोबर पातेलीत कडेला बुडबुडे येईपर्यंतच तापवा, लगेच गार करा, मग गोठवा. पण मोठा साठा करण्याआधी एक पिशवी आठवड्याभरानं वितळवून चाखून बघा. ४० पिशव्या भरल्यावर कळण्यापेक्षा ते बरं.

चाफेकळी
ऑफिसचा क्रम लिहून देते, छापून वहिनीला द्या.

साडेअकरा आणि साडेतीन. आधी हात धुवायचे. पहिली एकदोन मिनिटं हलक्या-जलद मोडवर, पान्हा फुटून धार लागली की संथ-खोल मोडवर. धार थांबली की पुन्हा एक मिनिट जलद, बऱ्याचदा दुसरा पान्हा येतो. थेंब थांबल्यावर दोन मिनिटं आणखी. बाळाचा फोटो, आवाज, त्याचं दुपटं जवळ ठेवलं तर पान्हा लवकर फुटतो, हे मनाचे खेळ नाहीत, पान्हा फोडणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचं काम आहे. बाटलीकडे बघत बसायचं नाही, तिच्यावर पायमोजा घालून झाका.

दूध ऑफिसच्या फ्रिजमध्ये, नाव लिहिलेल्या बंद डब्यात. निघताना गोठवलेल्या जेलच्या दोन लाद्या घातलेल्या थर्मल पिशवीत. लाद्या कडक असतील तर २४ तास तग धरतं, डोंबिवलीपर्यंतची काळजी नको. गरम ताजं दूध थंडात ओतू नका, आधी तेही थंड करा, मग एकत्र.

धुण्यासाठी ऑफिसच्या सिंकमध्ये भाग टाकू नका, सिंकमध्ये काय काय असतं! एक लहान प्लॅस्टिकचं घमेलं आणि वेगळा ब्रश ठेवा, तो दुसऱ्या कशाला वापरायचा नाही. आधी साध्या पाण्यानं खळखळून, मग साबण आणि गरम पाणी, मग स्वच्छ पंच्यावर वाऱ्यानं वाळवायचं, पुसायचं नाही. दोन संच घेतले तर दुपारचं धुणं घरी नेता येतं. उकळायचं दिवसातून एकदा, ५ मिनिटं, दोन महिन्यांखालच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी नक्कीच. नळ्या धुवायच्या नाहीत. आत वाफ दिसली तर फनेल काढून पंप दोन मिनिटं नुसता चालवा.

जागेबद्दल: कायद्यात बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजण्याची सुट्टी आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, आणि दिवसातून चारदा तिथे जायची मुभा. एचआरला ईमेल करून या दोन सुट्ट्यांच्या वेळा आधीच कळवा. जागा मागताना 'आतून कडी, एक प्लग, एक खुर्ची' असं नेमकं मागा. बाथरूम दाखवलं तर घेऊ नका.

तळ्यातमळ्यात
पंपानं काढूनही एका बाजूला गाठ झाली तर? मालिशवाल्या मावशी गरम शेकून जोरात चोळा म्हणतात.

सांजवात
जोरात चोळू नका, हे कळकळीनं सांगते. बहुतेक वेळा ते अडकलेलं दूध नसून सुजलेला भाग असतो. नळ्या बाहेरून दाबल्या गेल्यात म्हणून दूध येत नाही. चोळलं की सूज वाढते, कधी आत गळूही होतं. पूर्ण रिकामं करायला पंप लावत राहिलं तर शरीर आणखी दूध बनवतं, आणखी तटतं. बाळाला नेहमीसारखं पाजायचं, पंप नेहमीइतकाच. कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहापंधरा मिनिटं, काखेकडे मांजरीच्या पाठीवरून फिरवावा इतका हलका हात. २०२२ मध्ये स्तनपानतज्ज्ञ डॉक्टरांच्या जागतिक अकादमीनं हाच बदल केला, जुनी पुस्तकं अजून शेक-मालिश सांगतात. एक दिवसात उतरलं नाही, ताप ३८.५ वर गेला, लालीचा भाग पसरला तर डॉक्टरांकडेच.

पाऊलवाट
माप आलं, डावं १६, उजवं १७. क्लोज्ड, दोन्ही बाजूंचा, बॅटरीवाला मागवतोय, १७ आणि १९ चे इन्सर्ट वेगळे. आणखी काय सुटं घ्यावं?

निळीशाई
व्हॉल्व्ह. बदकाच्या चोचीसारखा सिलिकॉनचा तो तुकडा किंवा पांढरा पातळ पडदा. एक जोडी जास्त आजच मागवा. रोज दोनतीनदा वापरात तो दोनेक महिन्यांत सैल पडतो आणि तक्रार येते ती 'अचानक दूध कमी झालं' अशी. तेव्हा आधी फनेलवर तळहात ठेवून पंप चालू करा. तळहात ओढला जात नसेल तर दुधाचा दोष नाही. मग व्हॉल्व्ह उजेडाकडे धरा: चोच पूर्ण मिटत नसेल, फट दिसत असेल तर बदला. ती ब्रशनं आतून घासू नका, तिथेच ती फाटते, दोन बोटांत साबणानं चोळून धुवा. व्हॉल्व्ह ठीक असेल तर दूध आणि हवेच्या मधला पडदा काढून परत चारही कडांनी दाबून बसवा, ओला राहिला तरी नीट बसत नाही. नळीचं टोक पंपाजवळ चिरलं असेल तर अर्धा सेंटिमीटर कापून पुन्हा लावा. शेवटी बॅटरी. चार्ज निम्म्यावर आला की काही पंपांची ओढ मंदावते, म्हणून घरून निघताना पूर्ण चार्ज आणि पिशवीत पॉवरबँक. तुमचा पंप यूएसबीवर चालतो का, ते मागवण्याआधी बघून घ्या.